बरा झालेला माणूस कामाला कां लागत नाहीं ?

माझ्या लहानपणीं आमच्या घरीं दोन्ही वेळां चौदा पानें मांडलीं जात, आणि त्यांतील अगदीं शेवटचें, दाराजवळचें पान धाकट्या काकांचें असे. ते उशिरां येत, खालीं मान घालून जेवत आणि हात धुऊन पुन्हां माडीवर जात. बी. ए. च्या शेवटच्या वर्षीं त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला, एवढेंच आम्हां मुलांना दबल्या आवाजांत सांगण्यांत आलें होतें. परंतु आम्हीं पाहिलेले काका वेडे मुळींच नव्हते. ते कोणाच्या अंगावर धांवून जात नसत, एकटेच बडबडत नसत. विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर, थोडें थांबून कां होईना, नीट देत. इस्पितळांतून त्यांना १९५९ सालीं घरीं आणलें तें गोळ्या सुरू करूनच. त्या गोळ्यांनीं त्यांच्या कानांत येणारे आवाज बंद झाले होते. डॉक्टरांनीं ‘आतां बरे आहेत’ असें सांगितलें, आणि घरांतील वडील मंडळी काका कामाला केव्हां लागतात याची वाट पाहूं लागली.

ती वाट पाहणें पुष्कळ वर्षें चाललें. आजी त्यांना मंडईंत पाठवी. वांगीं, कोथिंबीर, लिंबें आणि आलें आणावयाचें, व परततांना गिरणींतून पिठाचा डबा घ्यावयाचा. काका दीड तासानें परत येत ते वांगीं आणि लिंबें घेऊन. डबा गिरणींतच राहिलेला असे. मोठे काका म्हणत, “मनावरच घेत नाहीं तो.” माझे वडील याहून कडक शब्द वापरीत. अखेरीस वडिलांनीं ओळखीच्या एका छापखान्यांत त्यांना फर्मे जुळविण्याचें काम मिळवून दिलें. अकराव्या दिवशीं मालकाचा निरोप आला कीं, उद्यांपासून पाठवूं नये. वडील रागानेंच विचारावयास गेले, तेव्हां मालक म्हणाले, “माणूस सज्जन आहे हो, तक्रार कसलीच नाहीं. पण तीन गोष्टी सांगितल्या तर एक करतात आणि मग नुसते उभे राहतात.”

हें जें ‘नुसतें उभें राहणें’ त्याचाच विचार या लेखांत करावयाचा आहे. आमच्या घरीं त्याला आळस म्हणत असत. आळस हा शब्द किती चुकीचा होता हें समजावयास जगाला बरींच वर्षें लागलीं. आणि समजल्यावरही तें ज्ञान अजून घरोघर पोंचलेलें नाहीं. वाचकांपैकीं पुष्कळांच्या नात्यांत असा एखादा भाऊ, एखादी आत्या किंवा मेहुणा असेल, म्हणून हा प्रपंच.

काकांच्या रोगाला स्किझोफ्रेनिया असें नांव आहे. मराठींत त्यास छिन्नमनस्कता म्हणतात. नांवावरून एका देहांत दोन माणसें नांदतात असा जो समज पसरला आहे, तो सर्वस्वीं चुकीचा होय. झुरिकचे ब्लॉयलर यांनीं १९०८ सालीं हें नांव सुचविलें तें विचार, भावना आणि इच्छा यांची परस्परांशीं असलेली सांधेजोड या रोगांत सुटते, एवढ्याच अर्थानें. त्यांच्याही आधीं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, जर्मनींतील क्रेपेलिन यांनीं या रोगास ‘अकालीं येणारा बुद्धिभ्रंश’ म्हटलें होतें. तें नांव पुढें टाकून देण्यांत आलें तें योग्यच झालें. परंतु रोग्याचें लक्ष एका गोष्टीवर टिकत नाहीं हें निरीक्षण त्यांनीं केलें होतें, तें मात्र त्या नांवाबरोबर अडगळींत पडावयास नको होतें.

तें पडलें याचें एक कारण म्हणजे औषधाचें यश. १९५२ सालीं पॅरिसच्या इस्पितळांत क्लोरप्रोमाझिन हें औषध या रोगावर वापरण्यांत आलें आणि वर्षानुवर्षें कोंडून ठेवलेलीं माणसें शांत होऊं लागलीं. भास आणि भ्रम हेच रोगाचें खरें स्वरूप, ते गेले कीं रोग गेला, असें सर्वांना वाटूं लागलें. आमच्या डॉक्टरांनाही तसेंच वाटलें असावें. गोळी आवाज थांबविते हें खरें आहे, आणि ती कोणीही आपल्या मनानें बंद करूं नये हेंही तितकेंच खरें आहे. परंतु लक्ष, स्मरण आणि विचारांचा वेग यांच्यावर तिचा उपयोग फारच थोडा होतो.

या शक्तींना मानसशास्त्रांत ‘बोधन’ असा एकत्रित शब्द आहे. शब्द जड आहे, पण वस्तु रोजच्या परिचयाची आहे. स्वयंपाकघरांतील सकाळ डोळ्यांपुढें आणा. एका शेगडीवर दूध आहे, दुसरीवर फोडणी आहे, मुलाच्या डब्याला उशीर होतो आहे आणि तेवढ्यांत दारावरची घंटा वाजते. गृहिणी फोडणी उतरवून दार उघडते, पत्र घेते, दोन शब्द बोलते, आणि दूध उतूं जाण्याच्या आंत परत येते. परत आल्यावर फोडणींत हिंग घातला होता कीं नाहीं हें तिला आठवावें लागत नाहीं; तें मनाच्या एका कोपऱ्यांत धरलेलेंच असतें. कशाकडे लक्ष द्यावें, कशाकडे देऊं नये, चालू काम मनांत कसें धरून ठेवावें, एकावरून दुसऱ्यावर जाऊन परत कसें यावें आणि कोणतें आधीं व कोणतें मागून, हें सारें ती न शिकतां करते. तिला त्याचें कोणी कौतुकही करीत नाहीं, ही गोष्ट वेगळी. हाच धागा ज्याच्या हातून सुटतो, तो माणूस दार उघडून तेथेंच उभा राहतो. त्याला कामाची इच्छा नसते असें नाहीं. पुढचें पाऊल कोणतें हेंच त्याला त्या क्षणीं दिसत नाहीं.

कॅलिफोर्नियांतील मायकेल ग्रीन यांनीं १९९६ सालीं तोंवर झालेल्या अभ्यासांचा एकत्र विचार करून एक महत्त्वाची गोष्ट मांडली. रोगी समाजांत कितपत वावरूं शकेल याचें अनुमान त्याच्या भास-भ्रमांवरून फारसें करतां येत नाहीं. ऐकलेलें त्याच्या किती ध्यानांत राहतें, लक्ष किती टिकतें, यांवरून तें अधिक चांगलें करतां येतें. छापखान्याच्या मालकानें हेंच तर सांगितलें होतें.

मग हा धागा पुन्हां हातीं देतां येतो काय ? येथें दोन प्रयत्न निरनिराळ्या बाजूंनीं सुरू झाले आणि पुढें एकत्र आले.

पहिला प्रयत्न नोकरीच्या बाजूनें झाला. पूर्वीं सर्वत्र अशी रीत होती कीं, बऱ्या झालेल्या रोग्यास आधीं संस्थेच्या कारखान्यांत बसवावें, मेणबत्त्या, कागदी पिशव्या, टोपल्या करावयास लावाव्या, आणि तो ‘तयार’ झाला म्हणजे बाहेर पाठवावें. व्यवहारांत असें झालें कीं, तयारी संपतच नसे. माणसें जन्मभर पिशव्याच चिकटवीत राहिलीं. अमेरिकेंतील न्यू हॅम्पशायर संस्थानांत रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनीं १९९० नंतरच्या वर्षांत ही रीत उलटी केली. ज्याला काम हवें आहे त्याला, त्याच्या आवडीचें, खऱ्या बाजारांतील आणि खऱ्या पगाराचें काम आधीं शोधून द्यावयाचें; शिकविणें असेल तें त्या कामावर असतांना; आणि मदतनीसानें त्याची पाठ केव्हांही सोडावयाची नाहीं. या पद्धतीनें नोकरीला लागणाऱ्यांची संख्या जुन्या पद्धतीपेक्षां पुष्कळच वाढली. तरीही एक वर्ग राहिलाच. ज्यांना नोकरी लागे आणि अकराव्या दिवशीं सुटे, अशांचा तो वर्ग.

दुसरा प्रयत्न बोधनाच्या बाजूनें झाला. अर्धांगवायूनंतर हात जसा व्यायामानें वळता करतात, तसा लक्षाला आणि स्मरणाला व्यायाम द्यावा, अशी ती कल्पना. लंडनच्या किंग्ज कॉलेजांतील टिल वाइक्स यांनीं या कामांत मोठाच वांटा उचलला आहे. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०११ सालीं ४० प्रयोगांचे व २,१०४ रोग्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. बोधनांत मध्यम प्रतीची सुधारणा होते आणि ती कांहीं काळ टिकते, असें त्यांना दिसलें. परंतु त्याहून महत्त्वाचें असें आढळलें कीं, नुसत्या व्यायामापेक्षां, तो व्यायाम दुसऱ्या कांहीं पुनर्वसनाच्या कामाशीं जोडला तरच त्याचा दैनंदिन जीवनांत चांगला उपयोग होतो.

हे दोन प्रवाह जोडण्याचें श्रेय सुसान मॅकगर्क आणि किम म्यूझर यांना द्यावें लागेल. न्यूयॉर्क येथें त्यांनीं ४४ माणसें घेतलीं. तीं सारीं तीव्र मानसिक रोगांतून उठलेलीं आणि पूर्वीं नोकरींत अपयश आलेलीं होतीं. सर्वांनाच नोकरीसाठीं मदत मिळत होती. त्यांपैकीं २३ जणांना त्याखेरीज बोधनाचें शिक्षण देण्यांत आलें. संगणकावर लक्ष, स्मरण, वेग आणि योजना यांचे व्यायाम असत. जर्मनींत तयार झालेला एक कार्यक्रम त्यासाठीं वापरला होता. असे एकंदर २४ पाठ, सुमारें तीन महिने. परंतु संगणकापुढें माणसाला एकटें सोडून शिक्षक चहाला गेला, असें तेथें नव्हतें. तो शेजारीं बसे. “आतां चूक कोठें झाली ? पुढच्या वेळीं काय कराल ?” असें विचारी. आणि नोकरी शोधून देणारा मदतनीस या शिक्षकाशीं बोलून, या मनुष्यास कोणतें काम झेपेल व कोणत्या युक्तीनें झेपेल, हें ठरवी.

एका वर्षानंतर, १९ नव्हे, २० नव्हे, शिक्षण न मिळालेल्या २१ जणांपैकीं अवघा एक जण बाजारांतील नोकरीला लागला होता. शिक्षण मिळालेल्या २३ पैकीं सोळा जण लागले होते. हा निकाल २००५ सालीं प्रसिद्ध झाला.

मीं तो प्रथम वाचला तेव्हां माझाही त्यावर एकाएकीं विश्वास बसला नाहीं, आणि बसवूंही नये. चव्वेचाळीस ही संख्या लहान आहे, आणि नुसत्या मदतीनें एकवीस जणांत एकच माणूस लागावा हेंही इतरत्रच्या अनुभवाच्या मानानें फारच कमी वाटतें. त्याच मंडळींनीं पुढें १०७ जणांवर मोठा प्रयोग केला. हीं माणसेंही अशींच, नोकरीच्या मदतीचा उपयोग न झालेलीं होतीं. त्याचा निकाल २०१५ सालीं आला तेव्हां शिक्षण मिळालेल्यांपैकीं शेंकडा ६० व न मिळालेल्यांपैकीं शेंकडा ३६ नोकरीला लागले होते. अंतर कमी झालें, पण राहिलें. तें कमी होण्याचें एक कारण मला असें वाटतें कीं, या खेपेस दोन्ही बाजूंच्या मदतनीसांना, बोधनाची उणीव कशी ओळखावी आणि तिच्यांतून वाट कशी काढावी, हें शिकविलेलें होतें. म्हणजे आळशीपणाचा आरोप बाजूला ठेवून उणीव ओळखतां आली, एवढ्यानेंच पुष्कळ कांहीं साधत असावें.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. हल्लीं मोबाइलवर ‘मेंदूचा व्यायाम’ म्हणून खेळ विकले जातात, आणि एखाद्या घरांत हा लेख वाचून तसा एखादा खेळ विकत घेऊन रोग्याच्या हातीं दिला जाण्याचा संभव आहे. असले खेळ खेळून शाळेंत व कामांत प्रगति होते, अशी जाहिरात केल्याबद्दल ल्युमॉसिटी या प्रसिद्ध खेळाच्या चालकांना २०१६ सालीं अमेरिकन सरकारच्या व्यापार आयोगाशीं तडजोड करून २० लाख डॉलर भरावे लागले. खेळ खेळून माणूस त्या खेळांत तरबेज होतो. तें कौशल्य दुकानांत, कचेरींत उतरावयाचें तर मधें पूल लागतो, आणि तो पूल म्हणजे शेजारीं बसलेला माणूस आणि पुढ्यांतलें खरें काम.

ज्यांचें स्मरण व्यायामानेंही सुधारत नाहीं त्यांच्यासाठीं दुसरी एक रीत आहे, आणि ती मला विशेष आवडते. लॉस एंजेलिस येथें रॉबर्ट कर्न यांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दोन साधीं कामें निवडलीं होतीं : पत्रिका अनुक्रमानें लावणें, आणि शौचकूपाच्या पाण्याच्या टांकीचे भाग जोडणें. काम लहान लहान पायऱ्यांत तोडावयाचें, पहिली पायरी इतकी सोपी ठेवावयाची कीं चूक होऊंच नये, आणि ती अंगवळणीं पडल्याशिवाय दुसरी दाखवावयाची नाहीं. आपण सामान्यतः ‘चुकत चुकत शिकेल’ म्हणतों. पण ज्याचें स्मरण दुबळें आहे, त्याच्या हातांत केलेली चूकच राहून जाते. म्हणून चूक घडूंच द्यावयाची नाहीं.

आपल्याकडे या दिशेनें कांहींच झालें नाहीं, असें मात्र नाहीं. मद्रासला, म्हणजे आतांच्या चेन्नईला, डॉ. शारदा मेनन यांनीं १९८४ सालीं ‘स्कार्फ’ ही संस्था काढली, आणि या रोगांतून उठलेल्यांचें पुनर्वसन हें तिनें प्रथमपासून आपलें काम मानलें. पुण्यांत डॉ. जगन्नाथ वाणी यांनीं स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन केली. ‘देवराई’ हा २००४ सालचा मराठी चित्रपट ज्यांनीं पाहिला असेल त्यांना या रोग्याच्या घरची ओढाताण निराळी सांगावयास नको. बंगळूरच्या निमहान्समध्यें २०१२ सालीं प्रसिद्ध झालेला एक प्रयोग तर मुद्दाम आपल्या घरांकडे पाहूनच केल्यासारखा आहे. रोग्यास दोन महिने बोधनाचे व्यायाम घरींच, घरच्या माणसाच्या देखरेखीखालीं करावयास दिले. आणि लक्ष विभागण्यांत, योजना करण्यांत त्यांची प्रगति झाली असें आढळलें. त्याच संस्थेंतील मानसशास्त्रज्ञ लक्ष टिकविण्यासाठीं जे व्यायाम देत आले आहेत, त्यांत एक आहे मिसळलेलीं धान्यें निवडून वेगळीं करण्याचा. आमच्या आजीनें ही हकीकत ऐकली असती तर तिला हंसूं आलें असतें.

कायद्यानेंही दार थोडें उघडलें आहे. २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यान्वयें सरकारी नोकऱ्यांत शेंकडा ४ जागा राखीव आहेत, आणि त्यांतील एका टक्क्यांत मानसिक आजार असलेल्यांचाही, इतर कांहीं गटांबरोबर, समावेश आहे. परंतु बहुतेकांना काम मिळतें तें ओळखीनेंच, आणि टिकतें तें घरच्या वागणुकीनें.

घरच्या वागणुकीविषयीं एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. चंदीगड येथें झालेला व १९८७ सालीं प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो कीं, लंडनच्या मानानें आपल्याकडील कुटुंबांत रोग्यावर बोचरी टीका कमी होते. आणि अशी टीका जेथें अधिक, तेथें रोग पुन्हां उलटण्याचा संभव अधिक. चौदा माणसांच्या घरांत एक रागावला तर दुसरें कोणी जवळ घेतें, हें आमच्या घरींही होतें. पण त्याच घरांत दुसरा एक धोकाही असतो, तो म्हणजे ‘त्याला कांहीं सांगूं नका, बिचारा बसूं दे’ असें म्हणण्याचा. दहा हात काम करावयास असतात, तेव्हां अकराव्या हाताची वाण पडत नाहीं, आणि तो हात कायमचा मांडीवर राहतो. टीका करणारे माझे वडील आणि दया करणारी माझी मोठी आत्या, या दोघांपैकीं काकांचें नुकसान कोणी अधिक केलें, हें मला अजून ठरवितां आलेलें नाहीं.

आजीनें दोन्ही केलें नाहीं. डबा तिसऱ्यांदा गिरणींत राहिला त्या दिवशीं तिनें माझी शाळेची फुटकी पाटी मागून घेतली आणि स्वयंपाकघराच्या दाराशीं खिळ्याला टांगली. तीवर ती एका वेळीं दोनच ओळी लिही. काका काम करून आले म्हणजे ती ओळ त्यांनींच पुसावयाची. पुढें दोनाच्या तीन झाल्या. मंडईच्या वाटेवर घोकावयास म्हणून ती त्यांना जिन्नस मोठ्यानें म्हणावयास लावी. आम्ही मुलें चेष्टा करूं, तेव्हां तिनें एकदां मला चिमटा घेतला होता.

छापखान्यानंतर सात वर्षांनीं आमच्या आळींतील एका वृद्ध बुकबाइंडरानें काकांना आपण होऊन बोलावलें. तो स्वभावानेंच अबोल होता. त्याच्या दुकानांत दाभण, कात्री आणि खळीचें भांडें यांच्या जागा तीस वर्षांत बदलल्या नव्हत्या. त्यानें काकांना पहिले चार महिने कागदांच्या घड्या घालण्यापलीकडे कांहीं दिलें नाहीं. मग दाभणानें भोकें पाडणें, मग शिवण. खळीला त्यांना वर्षभर हात लावूं दिला नाहीं. एका वेळीं एकच काम तो सांगे, आणि तें झालेलें पाहूनच दुसरें. त्याला मॅकगर्क ठाऊक नव्हत्या आणि त्या वेळीं त्यांचा प्रयोगही झालेला नव्हता. काका त्या दुकानांत एकोणीस वर्षें गेले, रोज चार तास. मधें दोनदां दुखणें उलटलें, तेव्हां त्यांची जागा त्यानें रिकामी ठेवली.

आजी गेल्यावर पाटी लिहिण्याचें काम माझ्या आईकडे आलें, आणि पुढें काका ती स्वतःच लिहूं लागले. रात्रीं निजण्यापूर्वीं ते दुसऱ्या दिवसाच्या ओळी लिहून ठेवीत. अक्षर त्यांचें कॉलेजांतलेंच, वळणदार राहिलें होतें. पहिली ओळ नेहमीं एकच असे : ‘गोळी घेणें.’ तिच्याखालीं : ‘दुकान.’